पहाडातला कूलर

आमच्या घरात एक नियम आहे. वकीलसाहेबांनी पाहिलेला सिनेमा मी पाहायचा नाही आणि मी वाचलेली कादंबरी त्यांनी वाचायची नाही. एकाने सांगायचं, दुसऱ्याने ऐकायचं आणि ऐकून आपलं मत ठोकून द्यायचं. न पाहिलेल्या गोष्टीवर छातीठोक बोलणं आम्हा वऱ्हाडातल्या माणसांना काही जड जात नाही. हा नियम मी गेल्या वर्षी मोडला. मोडला नसता तर आज राजापेठेतल्या या घरात एकटी बसून खालच्या ट्यूशनला येणाऱ्या पोरांच्या गाड्यांचे हॉर्न ऐकत असते.

वकीलसाहेब म्हणजे माझे यजमान, भगवंतराव. ते अकोल्याला वकिली करायचे आणि जठारपेठेत वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत होते. मी अनुपमा. अमरावतीत शाळेत मराठी शिकवत होते. लग्न झालं तेव्हा माझी नोकरी पक्की झालेली होती आणि त्यांना त्यांच्या वडिलांची वकिलीच्या ऑफिसातली खुर्ची मिळालेली होती. "दोनेक वर्षं काढू, मग पाहू," असं ठरलं. ते पाहायचं राहून गेलं. मधल्या काळात आमची अवनी जन्मली, शिकली, नोकरीला पुण्याला गेली आणि आम्ही आपापल्या गावी होतो तिथेच. शनिवारी संध्याकाळी ते बडनेऱ्याला उतरायचे, ऑटोने घरी यायचे आणि सोमवारी सकाळच्या गाडीने परत जायचे. लोकांना वाटायचं आमचं पटत नाही. उलट पटत होतं म्हणूनच इतकी वर्षं असं चाललं. न पटणाऱ्यांनी केव्हाच एका घरात राहून भांडून घेतलं असतं.

सिनेमा आणि कादंबरीची कल्पना अवनीची. तुम्ही दोघं गॅस सिलिंडर आणि लाइटबिल सोडून कशावर बोलता का, असं तिने एकदा फोनवर विचारलं. बाबा नाहीतरी बुधवारी कोर्ट सुटल्यावर सिनेमाला जातात, आई नाहीतरी कादंबऱ्या वाचते, तर एक रविवार बाबांचा आणि एक आईचा, असा तिने हुकूम काढला. तेव्हापासून रविवारी सकाळचा चहा झाला की आमच्या गॅलरीत कचेरी भरते.

वकीलसाहेब सिनेमा सांगत नाहीत, दावा दाखल करतात. आधी पक्षकार कोण, मग वादाचं कारण, मग साक्षीपुरावे. गाण्यांना ते 'मधली तारीख' म्हणतात, कारण गाण्यात काही होत नाही आणि सगळे नुसते उभे असतात. कोर्टात ते अगदी छापील मराठी बोलतात आणि घरी पाऊल टाकलं की वऱ्हाडी. मी एकदा टोकलं, तर म्हणाले की शुद्ध बोलायची मी फी घेतो. माझ्याबद्दल त्यांची तक्रार अशी, की मी कादंबरी सांगत नाही, पेपर तपासते. त्यात तथ्य आहे. दहापैकी गुण दिल्याशिवाय मला चैन पडत नाही. भल्याभल्या लेखकांना मी पाचावर बसवलं आहे, त्यांना कळलेलं नाही एवढंच.

तर गेल्या वर्षी एप्रिलअखेर मी निवृत्त होणार होते. 'मग पाहू' म्हणून ठेवलेला प्रश्न आता दाराशी येऊन बसला होता. राहायचं कुठे? अकोल्याला, अमरावतीला, की होतं तसंच, ते तिथे आणि मी इथे? वकील काही निवृत्त होत नाही, तेव्हा जगरहाटीप्रमाणे मीच चंबूगबाळं आवरून जायचं, असं शाळेत सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. अकोल्याचा उन्हाळा मला ठाऊक आहे. तिथे मे महिन्यात लोखंडी कडीला हात लावायचा तर पदर गुंडाळून लावावा लागतो. पण खरं सांगते, उन्हाचं काही नव्हतं. मला जायला हरकत नव्हती. मला कोणीतरी विचारायला हवं होतं, एवढंच.

आणि वकीलसाहेब विचारत नव्हते. दिवाळीत विचारलं नाही, संक्रांतीला विचारलं नाही. शनिवारी यायचे, रविवारी कचेरी भरवायचे, सोमवारी निघून जायचे. मग मीही मनाशी म्हटलं, यांना एकट्याची सवय झाली असेल तर आपण कशाला आगाऊपणा करा. आडमुठेपणात आमचा हात धरणारं कोणी नाही.

फेब्रुवारीतला पहिला रविवार माझा होता. शेंदूरजनाघाटच्या कुंदन नावाच्या माझ्या जुन्या विद्यार्थ्याने बागेतल्या संत्र्यांची पेटी पाठवली होती. वकीलसाहेब गॅलरीत संत्री सोलत बसले होते आणि मी नुकतीच संपवलेली कादंबरी सांगत होते. कोकणातल्या एका गावात आयुष्यभर नर्स म्हणून राबलेली बाई. निवृत्त होते आणि नवऱ्याच्या घरी राहायला जाते. तिथे प्रत्येक खुंटीला आधीच काहीतरी टांगलेलं. फडताळात हिच्या डब्यांना जागा नाही. नवरा म्हणतो, राहू दे, ओसरीत ठेव. ती ओसरीत ठेवते. आणि शेवटच्या पानावर लेखक सांगतो की ती समाधानी होती.

त्या समाधानाने माझं डोकं फिरलं होतं. इतकी पानं खर्च केली, त्यात त्या बाईला एक खुंटी देता आली नाही आणि समाधान मात्र फुकट वाटतो. मी चार गुण दिले, त्यातले दोन मुखपृष्ठाचे. वर म्हटलं, "त्या बाईनं जायलाच नको होतं. मूर्ख कुठली. स्वतःचं घर सोडून दुसऱ्याच्या ओसरीत जाऊन बसली."

देवाशपथ, मी कादंबरीबद्दल बोलत होते. निदान तोंडाने तरी. एरवी मी कोणाला मूर्ख म्हटलं की वकीलसाहेब लगेच त्याचं वकीलपत्र घेतात. त्या दिवशी त्यांनी हातातली फोड खाल्ली, बी काढून सालीवर ठेवली आणि चार जरा जास्तच झाले, एवढंच म्हणाले. मला वाटलं, माझं म्हणणं पटलं. पटलंच होतं, पण भलतीकडून, हे मला नंतर कळलं.

पुढचा रविवार त्यांचा. सिनेमा पहाडातला होता. पक्षकार नंबर एक, म्हातारा घड्याळजी, डोंगरातल्या गावात बाजारात दुकान. पक्षकार नंबर दोन, त्याची बायको, खाली मैदानातल्या शहरात टेलिफोनच्या नोकरीत. दोघं वर्षानुवर्षं वेगळी राहतात, भांडण नाही, तंटा नाही. मला तेव्हाच काही सुचायला हवं होतं. पण मी ऐकताना गुणच जुळवत बसलेली असते.

त्या दिवशी शेवट मात्र त्यांनी फार जीव लावून सांगितला. मधल्या तारखाही वगळल्या. म्हातारा एका सकाळी दुकानात बसलेला असतो. "आन् त्याच्या ध्यानात येते का आपण सारी जिंदगी लोकाइची घड्याळं लावून देली, आन् आपलंच मागं राह्यलं." मग तो दुकानाची किल्ली शेजाऱ्याच्या हातात देतो. सामान म्हणजे कपड्यांची एक पेटी आणि एक कूलर. कूलर गाडीवर दोरीने बांधतो, घाट उतरतो आणि बायकोच्या दारात जाऊन उभा राहतो.

"आन् तिले इचारते, जागा हाये का?" वकीलसाहेब म्हणाले.

मी पुढे काय झालं म्हणून विचारलं. पुढे काही नाही, पिच्चर तिथंच खतम, असं ते म्हणाले. बाईने दार उघडलं की नाही ते दाखवलंच नाही. एवढं बोलून ते माझ्याकडे पाहत राहिले. बशीतला चहा निवून साय धरत होता, तरी पाहतच होते.

मी हसले. हसायची मला सवयच आहे. म्हटलं, असला नवरा तीन दिवस गोड लागतो. चौथ्या दिवसापासून साखरेचा डबा कुठे, चहाचा डबा कुठे, करत मागे मागे फिरतो. त्या बाईनं दाराला साखळी लावावी आणि फटीतूनच विचारावं, डबे कुठे आहेत ते विचारणार असाल तर आल्या गाडीनं परत जा. आणि दिग्दर्शकाला दहापैकी तीन गुण.

"बराबर हाये," वकीलसाहेब म्हणाले. "घर बाईचं हाये."

दुपारी त्यांनी पिठल्याला नको म्हटलं. आमच्या लग्नाच्या इतिहासात पिठल्याला नको म्हटल्याची नोंद नाही. सोमवारची सकाळची गाडी सोडून ते रविवारी दुपारीच निघाले. उद्या मोठी तारीख आहे म्हणाले. मोठी तारीख असली की ते आठवडाभर आधीपासून मला त्या खटल्याने पिडतात, हे काही मला त्या वेळी आठवलं नाही.

पुढच्या शनिवारी ते आले नाहीत. एका पक्षकाराच्या मुलीचं लग्न निघालं. त्याच्या पुढच्या शनिवारी घसा धरला. फोनवर पुन्हा गॅस सिलिंडर आणि लाइटबिल. मी चांगली जाडजूड कादंबरी वाचून तयार होते आणि ऐकायला माणूस नव्हतं. एके सकाळी मी तिचं पहिलं प्रकरण दूधवाल्याला सांगायला लागले. तो भला माणूस दोन मिनिटं उभा राहिला, मग म्हणाला की ताई, दूध नासन.

शाळेत माझ्या शेजारी रागिणी बसायची. ती विज्ञान शिकवते आणि जगात कशाचंही कारण सापडतं असं तिला वाटतं. तुझं काय बिनसलं, असं तिने मला दोन-तीनदा विचारलं आणि शेवटी सगळं काढून घेतलं. म्हणाली, तो पहाडातला सिनेमा अजून आहे, मॉलमध्ये एकच खेळ उरलाय, चल पाहून येऊ. मी नियम सांगितला. ती म्हणाली, नियम दोघांचा असतो, एक जण फिरकतच नाही तर नियम कसला? हा मुद्दा कोर्टातही टिकला असता. मी गेले.

सिनेमा सुरू झाला आणि पडद्यावर बर्फ. छपरांवर बर्फ, झाडांवर बर्फ, घड्याळजीच्या टोपीवर बर्फ. माणसं बोलली की तोंडातून वाफ निघत होती. दुकानात म्हाताऱ्याच्या पायाशी कोळशाची शेगडी धुमसत होती. मी पॉपकॉर्नमध्ये हात घातला आणि तो तसाच राहिला. कूलर?

असल्या गावात कूलर कोण घेऊन बसेल? त्या दुकानात साधा पंखा नव्हता. तीसेक वर्षं मी पोरांच्या निबंधांतलं 'भर पावसात कडक ऊन पडले होते' असलं वाक्य शोधून लाल शाईने गोल करत आले, आणि नवऱ्याने हिमालयात नेऊन ठेवलेला कूलर मला दिसला नाही. त्यांनाही तो ठेवताना काही वावगं वाटलं नसणार. बिऱ्हाड कुठूनही हलवा, आधी कूलर बांधा, ही चूक अकोल्याचाच माणूस करू जाणे. आणि ती ऐकून मान डोलावणं अमरावतीच्या बाईलाच जमतं.

मग मी म्हाताऱ्याच्या बायकोची वाट पाहायला लागले. मध्यंतर झालं तरी बायको नाही. म्हणजे होती, पण भिंतीवर, हार घातलेल्या फोटोत. सिनेमा सुरू व्हायच्या आधीच ती गेलेली होती. टेलिफोनची नोकरी नाही, मैदानातलं घर नाही, दार नाही. म्हातारा रोज फोटोखालच्या घड्याळाला चावी देतो आणि दुकान उघडतो. शेवटी तो कुठेही जात नाही. बर्फ पडत राहतो आणि पिच्चर खतम.

मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले. रागिणीने रुमाल दिला आणि शेवट फारच करुण केला आहे म्हणाली. तिला काय सांगणार? मी त्या सिनेमासाठी रडत नव्हते. सिनेमात मेलेल्या बाईला आमच्या वकीलसाहेबांनी जिवंत केलं होतं, तिला नोकरी दिली होती, घर दिलं होतं, घराला दार दिलं होतं. मग स्वतः कूलर बांधून त्या दारात जाऊन उभे राहिले होते. जे मला समोर बसून विचारता येईना ते सिनेमात शिरून विचारलं. आणि मी तीन गुण देऊन वर साखळी लावायला सांगितली.

शनिवारची सकाळची शाळा आटोपून मी तशीच बडनेऱ्याला गेले. फोन केला नाही. पिशवीत राहिलेली संत्री होती आणि मनात बोलायची वाक्यं होती. मूर्तिजापूर येईपर्यंत सगळी वाक्यं विसरले होते. तिथे वाटलं, उतरावं आणि परतीची गाडी धरावी. पण समोरच्या बाईला मी संत्रं दिलं होतं, ते सोलता सोलता तिने विचारलं, कोणाकडे चालल्या? मी म्हटलं, नवऱ्याकडे. म्हटल्यावर माझ्या लक्षात आलं की हे वाक्य मी या गाडीत कधी बोललेच नव्हते. अकोल्याला मी लग्नामुंजीला गेले तेवढीच. शनिवारची गाडी पावसाळ्यात, थंडीत, तापात, नेहमी त्यांनीच धरली. मला त्याचं कधी काही वाटलं नाही, याचं त्या दिवशी फार वाईट वाटलं.

जठारपेठेत जिन्याखाली त्यांचे मुन्शी नत्थुजी भेटले. मला पाहून ते आधी घाबरले आणि मग चहा सांगायला धावले. मी वर गेले. वकीलसाहेब खाटेवर बसून धडधाकट गळ्याने कोणाला तरी फोनवर झापत होते. मला पाहिल्यावर फोन ठेवला आणि त्यांना तो घसा आठवला. खोकून म्हणाले, तू इथं कशी, अवनी बरी हाये ना? मी म्हटलं, सगळे बरे आहेत, तुमचा घसा पाहायला आले.

आणि मग मला कोपऱ्यातला कूलर दिसला. स्टँड उलटं करून त्याच्यावर ठेवलेलं आणि सगळं नायलॉनच्या दोरीने करकचून बांधलेलं. त्या दिवसांत अख्खं अकोला कूलर पुसून खिडकीला लावायच्या तयारीत असतं. हा बांधून का ठेवला, मी विचारलं. दुरुस्तीले द्याचा हाये, वकीलसाहेब म्हणाले. नत्थुजी चहाचे पेले घेऊन आत येत होते. त्यांनी मोठ्या निरागसपणे सांगितलं की दुरुस्तीले कायले साहेब, आत्ताच तं नवा वाळा भरला, अमरावतीले न्याचा म्हनून. वकीलसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं ते फितूर झालेल्या साक्षीदाराकडे पाहावं तसं. नत्थुजी पेले ठेवून जिन्यात जाऊन उभे राहिले, पण ऐकू येईल इतक्याच अंतरावर.

मी खुर्ची ओढली आणि सांगितलं की माझा एक रविवार बुडाला आहे, तो मी आज भरून घेणार. कादंबरी ऐका.

"एक मास्तरीण असते," मी सुरुवात केली. "तोंडाने फटकळ. तिचा नवरा दर शनिवारी गाडीनं येतो. तो येतो म्हणजे येणारच, असं ती धरून चालते. ती स्वतः कधी त्याच्या गावी जात नाही. मग एक दिवस तो यायचं बंद करतो."

लेखक कोण, वकीलसाहेबांनी विचारलं. नवखा आहे, मी सांगितलं, पण शुद्धलेखन चांगलं आहे. पुस्तक कुठे छापलं? छापायचं राहिलंय. म्हणजे ऐकीव पुरावा, ते पुटपुटले आणि पिशवीतून एक संत्रं घेतलं.

"मग ती बाई एक सिनेमा पाहायला जाते. त्यात नुसता बर्फ असतो."

त्यांचा हात थांबला. संत्र्याची साल अर्धी सोललेली तशीच लोंबत राहिली. ती नियम मोडते, ते हळू आवाजात म्हणाले. मी म्हटलं, मोडते, कारण सांगणाऱ्याने हिमालयात कूलर नेऊन ठेवलेला असतो.

आधी त्यांना कळलंच नाही. मग कळलं. कान लाल झाले, मान खाली गेली आणि खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात की काय, तर ते हसत होते. जिन्यातून नत्थुजींचाही हसण्याचा आवाज आला. मीही हसले, पण माझं हसू मध्येच अडकलं.

"बायको का जिवंत केली त्याची?" मी विचारलं.

त्यांनी संत्रं खाली ठेवलं. "मेलेल्या बाईले इचारता येत नाई ना काही," ते म्हणाले.

"आणि जिवंत बाईला? मला का नाही विचारलं?"

"मले भेव वाटून राह्यलं होतं, अनुपमा. तू नाई म्हटली असती, तं शनिवार बी गेला असता."

त्या माणसाने खुनाच्या आरोपींना सोडवून आणलं आहे. मोठमोठ्या न्यायाधीशांसमोर तो घसा न खाकरता उभा राहतो. आणि माझ्या घराच्या गॅलरीत त्याला शनिवार जायची भीती वाटत होती. मला त्यांचा राग आला आणि तितकीच माया आली. म्हटलं, "मी आधी नाहीच म्हटलं असतं. ओळखता ना मला? मग दुपारपर्यंत हो म्हटलं असतं. वकिलाला एवढा दम नको?"

मग मी म्हटलं, मीच इकडे येते, त्यात काय एवढं. त्यांनी मान हलवली. इथं तुले जागा नाई, म्हणाले, मी पाह्यलं. आणि भिंतीकडे बोट केलं. मी ती कादंबरी सांगितली, त्याच सोमवारी घरी येऊन त्यांनी इथल्या खुंट्या पाहिल्या होत्या. एकूणएक खुंटीवर त्यांचे काळे कोट, गाऊन आणि छत्र्या. फडताळात फायली. तू त्या बाईले मूर्ख म्हणत होती, तवा मले मीच तो नवरा दिसलो, म्हणाले. म्हणून मग ठरवलं की आपण जावं. कोर्ट अमरावतीलाही आहे. जुन्या खटल्यांसाठी आठवड्यातून दोन दिवस अकोल्याला जाता येईल, गाडीची सवय आहेच. सगळं ठरवून झालं, कूलरचा वाळा बदलून झाला, फक्त मला विचारायचं राहिलं होतं.

जाताना मी त्यांना माझ्या कादंबरीचे गुण विचारले. शेवट झाल्याशिवाय निकाल देता येत नाही, असं म्हणून त्यांनी तारीख दिली.

एप्रिलअखेर शाळेने मला शाल, नारळ आणि पुष्कळ भाषणं दिली. मेच्या पहिल्या रविवारी कोर्टाला सुट्या लागल्या होत्या. सकाळी खाली टेम्पोचा आवाज आला. ट्यूशनची पोरं गाड्या बाजूला घेऊन पाहत उभी राहिली. टेम्पोत सहा-सात खोकी पुस्तकांची, एक पेटी आणि सगळ्यांत वर, नायलॉनच्या दोरीने बांधलेला, तो कूलर. दारावरची बेल वाजली. त्यांच्याकडे किल्ली होती, तरी वाजली.

मी आतून साखळी लावली आणि दार फटीएवढं उघडलं. वकीलसाहेब घामाने निथळत उभे होते, हातात काळा कोट.

"जागा हाये का?" त्यांनी विचारलं.

"डबे कुठे आहेत ते विचारणार का?"

त्यांनी क्षणभर विचार केला. "चौथ्या दिवशी," ते म्हणाले.

खालून टेम्पोवाले सूर्यभान ओरडून विचारत होते की साहेब, हा कूलर उतरवू का वापस नेऊ? मला साखळी काढायला जरा वेळ लागला, कारण डोळे भरले होते आणि ती साखळी तशीही कुरकुरते. मी जिन्यातून वाकून सांगितलं, उतरवा, खिडकी मोजून ठेवली आहे.

दारामागे मी सुताराकडून नवी खुंटी ठोकून घेतली होती. ती मी त्यांना दाखवणार होते, त्यासाठी एक वाक्यही तयार ठेवलं होतं. त्यांनी आत पाऊल टाकलं, न पाहता हात मागे नेला आणि कोट बरोबर तिच्यावर अडकवला. मग चपला काढून थेट स्वयंपाकघरात गेले. झाकणं उघडल्याचे, मिटल्याचे आवाज आले. मग हाक आली.

"अनुपमा, साखर कुठं ठेवून राह्यली तू?"

मी जागची हलले नाही. शोधू दे म्हटलं. दुसऱ्या दिवशी सोमवार होता आणि त्यांना गाडी धरायची नव्हती.